तेरा वर्षांची मुलगी 'ट्वायलाइट' पुन्हा पुन्हा का वाचते

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मुलगी तेरा वर्षांची, आठवीत. मे महिन्याच्या सुट्टीत तिने 'ट्वायलाइट' मालिकेचे चारही भाग वाचून काढले आणि आता पुन्हा पहिल्यापासून सुरू केलेत. तुम्ही पहिला भाग हातात घेतलात, भाषा फारच साधी वाटली, आणि नायक रात्री मुलीच्या खोलीत येऊन ती झोपलेली असताना बघत बसतो हे वाचल्यावर पुस्तक मिटून टाकलंत. यात एवढं काय आहे की जगभरच्या मुलींनी ते डोक्यावर घेतलं, आणि हे काढून घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. पण मला वाटतं, तुम्हाला खरं खुपतंय ते वेगळं. जिच्या आवडीनिवडी तुम्हाला तोंडपाठ होत्या, त्या मुलीला या पुस्तकात असं काहीतरी दिसतंय जे तुम्हाला दिसत नाही. ते काय आहे हे कळलं, की ठेवायचं की काढायचं हा प्रश्न बराच सोपा होतो. म्हणून आधी लोकप्रियतेबद्दल सविस्तर लिहिते, काळजीच्या जागांकडे नंतर येते.

मी अमेरिकेत, वॉशिंग्टन राज्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात किशोरवयीन मुलांचा विभाग सांभाळते. ही कथा आमच्याच राज्यात घडते. पुस्तकं नवी होती तेव्हापासून मी ती मुलींना देत आलेय, आणि त्यांच्या आयांशी याच विषयावर बोलत आलेय. तरी काही गोष्टी इथे बसून सांगता येणार नाहीत. तेरा वर्षांच्या दोन मुली सारख्या नसतात. एखादी गोष्टीतून सहज बाहेर येते, एखादी आठवडाभर त्यातच राहते. तुमची मुलगी एरवी कशी आहे, मैत्रिणींत रमते का, झोपते-जेवते का, अलीकडे तिचं काही बिनसलंय का, यावर बरंच अवलंबून आहे. आणि चारही भाग एकाच वयाचे नाहीत. चौथ्याबद्दल पुढे वेगळं लिहिते.

आता पुस्तकं कुठून आली ते. स्टेफनी मायर या ॲरिझोनात राहणाऱ्या, तीन लहान मुलांच्या आई. त्याआधी त्यांचं एकही पुस्तक आलेलं नव्हतं. जून २००३मध्ये त्यांना एक स्वप्न पडलं: रानातल्या एका कुरणात एक साधी मुलगी आणि रक्त पिऊन जगणारा, उन्हात लखलखणारा एक व्हॅम्पायर बोलताहेत. त्याचं तिच्यावर प्रेम आहे आणि तिच्या रक्ताची ओढही त्याला आवरत नाहीये. त्यांनी ते स्वप्न लिहून काढलं आणि साधारण तीन महिन्यांत कादंबरी पुरी केली. ती मुलगी म्हणजे बेला, तो व्हॅम्पायर म्हणजे एडवर्ड. २००५च्या ऑक्टोबरमध्ये पहिला भाग आला, मग २००६मध्ये 'न्यू मून', २००७मध्ये 'इक्लिप्स', २००८मध्ये 'ब्रेकिंग डॉन'. या चौथ्या भागासाठी अमेरिकेतली पुस्तकांची दुकानं मध्यरात्री उघडली होती आणि एकट्या अमेरिकेत पहिल्याच दिवशी १३ लाख प्रती गेल्या. एकूण विक्रीने पुढे १० कोटींचा आकडा ओलांडला.

यात वेळेचा वाटा मोठा होता. 'हॅरी पॉटर'ने दहा वर्षांत जाडजूड पुस्तकांना न घाबरणारी मुलं तयार केली होती. त्याचा शेवटचा भाग जुलै २००७मध्ये आला, 'इक्लिप्स' त्याच ऑगस्टमध्ये. वयाच्या दहाव्या वर्षी जादूची शाळा वाचायला लागलेल्या मुली आता पंधरा-सोळाच्या झाल्या होत्या. त्यांना पाचशे पानं वाचायची सवय होती आणि प्रेमाबद्दल वाचायची इच्छा होती. त्या वेळी त्यांच्या कपाटात त्या जाडीची प्रेमकथा फारशी नव्हतीच.

पण वेळ जुळून आलेली पुस्तकं खूप असतात, ती अशी पुन्हा पुन्हा वाचली जात नाहीत. वाचनालयाच्या प्रतींवरून एक गोष्ट कळते. लाडकं पुस्तक टेबलावर मोकळं सोडलं की ते आपोआप ठरावीक जागी उघडतं, कारण तिथेच पुठ्ठ्याची बांधणी सैल झालेली असते. पहिल्या भागाच्या आमच्या प्रती दोन जागी उघडतात. एक म्हणजे तेरावं प्रकरण, तो स्वप्नातला कुरणाचा प्रसंग. हे अपेक्षितच होतं. दुसरी जागा त्याच्या थोडी आधी आहे, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते.

तिथे होतं काय, तर काहीच नाही. एडवर्ड बेलाला दिवसभर प्रश्न विचारतो. शाळेत जाताना, जेवणाच्या सुट्टीत, घरी सोडताना गाडीत. तुझा आवडता रंग कोणता? ती म्हणते, आज तपकिरी. का? तर आधी ती राहायची त्या फिनिक्समध्ये झाडांची खोडं, दगड, माती असं सगळं तपकिरी दिसायचं, आणि इथे, फोर्क्स या पावसाळी गावात, प्रत्येक गोष्ट हिरव्या शेवाळ्याने झाकलेली आहे. तो हसत नाही, पुढचा प्रश्न विचारतो. कोणतं गाणं, कोणतं पुस्तक, घराची आठवण कशी येते. पानंच्या पानं हेच चालतं. मोठ्या माणसाला इथे कंटाळा येतो, संपादकाने हे कापायला हवं होतं असं वाटतं. आता तेरा वर्षांच्या मुलीला दिवसभरात कोण काय विचारतं ते आठवून बघा. गृहपाठ झाला का, डबा संपवलास का, किती मार्क पडले. तपकिरी रंग का आवडतो हे कुणी विचारत नाही, आणि विचारलं तरी उत्तर पुरतं ऐकून घेत नाही. इथे एक जण ऐकतोय, आणि त्याला दुसरं काहीही नकोय.

लेखिकेने याची बांधणीही चोख केली आहे. एडवर्डला सगळ्यांच्या मनातलं ऐकू येतं, फक्त बेलाच्या नाही. म्हणून तिला विचारल्याशिवाय त्याला गत्यंतरच नाही. बेला दिसते कशी याचं वर्णनही फार थोडं आहे. वाचकाला तिच्या जागी सहज शिरता यावं म्हणून ते मुद्दाम मोघम ठेवलं, असं मायर यांनी स्वतः सांगितलंय. कथा 'मी' या आवाजात आहे. समीक्षकांनी याच गोष्टीला दोष दिला, की या नायिकेला व्यक्तिमत्त्वच नाही. माझ्या अनुभवात ती मोकळी जागा हेच मुलींना मिळालेलं निमंत्रण होतं.

दुसरं कारण थोडं नाजूक आहे, पण आई म्हणून तुम्हाला ते कळायला हवं. आपल्या पिढीने व्हॅम्पायर पाहिला तो नारायण धारपांच्या 'लुचाई'त, आणि तिथे तो निखळ भीतीचा विषय होता. मायर यांनी त्या भीतीला दुसऱ्या कामाला लावलं. एडवर्डने जरा जास्त जवळ जाऊन तोल गमावला तर बेलाचा जीवच जाईल. त्यामुळे त्याला सतत स्वतःला आवरावं लागतं. जो संयम गोष्टींत आणि घरात नेहमी मुलीवर सोपवला जातो, तो इथे पूर्णपणे मुलाच्या खांद्यावर आहे. पुढे 'इक्लिप्स'मध्ये बेला स्पष्टपणे अधिक जवळीक मागते आणि एडवर्ड म्हणतो, आधी लग्न. मायर लग्नाआधीचे संबंध निषिद्ध मानणाऱ्या मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या आहेत, त्या संस्काराची सावली यावर आहे असं अनेकांनी लिहिलंय. वाचणाऱ्या मुलीच्या दृष्टीने मात्र परिणाम असा होतो: तिला ओढ वाटणं म्हणजे काय ते पूर्ण तीव्रतेने अनुभवता येतं आणि तिच्यावर काहीही ओढवत नाही. कुणी घाई करत नाही, कुणी हसत नाही, पोटात गोळा येणारा निर्णय घ्यावा लागत नाही. तेराव्या वर्षी प्रेमाची उत्सुकता आणि धास्ती एकत्रच असतात. या पुस्तकात दोन्हींना जागा मिळते, आणि पहिले तीन भाग ती अवस्था संपूच देत नाहीत. हजार-दीड हजार पानांची ती प्रतीक्षा आहे. तुमची लेक परत पहिल्या भागाकडे गेली, त्याचं कारण बहुधा हेच. चौथ्यात लग्न होतं, मूल होतं आणि वाट पाहणं संपतं.

तिसरं, हे वाचन एकटीचं कधीच नव्हतं. एडवर्डच्या बाजूच्या आणि जेकबच्या, म्हणजे बेलावर प्रेम करणाऱ्या, माणसाचा लांडगा होणाऱ्या तिच्या मित्राच्या बाजूच्या अशा दोन फळ्या पडल्या, त्यांचे टी-शर्ट निघाले, मुली आपल्या मनाने पुढच्या गोष्टी लिहून इंटरनेटवर टाकू लागल्या. सिनेमावाल्यांना याचा अंदाज उशिरा आला. कॅथरिन हार्डविक या दिग्दर्शिकेचा पहिला चित्रपट सुमारे ३ कोटी ७० लाख डॉलरमध्ये झाला आणि नोव्हेंबर २००८मध्ये पहिल्या तीन दिवसांतच त्याने अमेरिकेत जवळजवळ ७ कोटी कमावले. तुमच्या मुलीच्या पिढीपर्यंत हे पोचलं ते दुसऱ्या लाटेत. ऑगस्ट २०२०मध्ये, सगळे घरात अडकलेले असताना, तीच कथा एडवर्डच्या तोंडून सांगणारं 'मिडनाइट सन' आलं आणि पुढच्या वर्षी सिनेमे नेटफ्लिक्सवर आले. तेव्हाच्या वाचक मुली आता तिशीत आहेत, आणि धाकट्या बहिणींना, भाच्यांना तीच पुस्तकं देताहेत. तिच्या वर्गात आणखी कोण वाचतंय ते विचारा. बहुतेक एक टोळीच निघेल.

इथवरचं थोडक्यात: तुमच्या मुलीला त्यात दिसतंय ते म्हणजे तिच्याकडे नीट लक्ष देणारं कुणीतरी, ओढीचा बिनधोक अनुभव, आणि मैत्रिणींशी बोलायला एक सामाईक जग. यातलं काहीही काढून घ्यावं असं नाही.

आता काळजीच्या जागा. त्या आहेत, आणि तुमची नजर बरोबर ठिकाणी गेली आहे. एडवर्ड रात्री खिडकीतून खोलीत येतो तो प्रसंग बेलाला गोड वाटतो, पण प्रत्यक्षात कुणी असं केलं तर ते पाळत ठेवणंच आहे. 'इक्लिप्स'मध्ये बेलाने जेकबला भेटायला जाऊ नये म्हणून एडवर्ड तिच्या जुन्या ट्रकच्या इंजिनात हात घालून ती गाडीच बंद पाडून ठेवतो, तिच्या भल्यासाठी म्हणून. माझ्या मते हे खिडकीपेक्षा गंभीर आहे, कारण इथे तिचं जाणं-येणं त्याच्या हातात जातं. जेकबही काही साळसूद नाही, याच भागात तो तिच्या मनाविरुद्ध तिचं चुंबन घेतो.

'न्यू मून'चं वेगळं आहे. एडवर्ड सोडून जातो आणि त्यानंतर पुस्तकात काही पानांवर फक्त महिन्याचं नाव येतं. ऑक्टोबर. पान उलटा, नोव्हेंबर. मग डिसेंबर, जानेवारी. बाकी काहीच छापलेलं नाही. ही प्रत खराब आहे, बदलून द्या, असं सांगत मुली माझ्या टेबलाशी आलेल्या आहेत. मी त्यांना म्हणते, खराब नाही, तसंच आहे, परत वाचून बघ. मग त्यांच्या लक्षात येतं, आणि चेहरा बदलतो. हा परिणाम साधणं सोपं नाही, त्यासाठी लेखिकेला मानायलाच हवं. पण त्यानंतर बेला एडवर्डचा आवाज भासावा म्हणून मुद्दाम जीव धोक्यात घालते, कड्यावरून समुद्रात उडी मारते. एखादी मुलगी आधीच फार उदास असेल, घरात कुणी गेलं असेल, जवळची मैत्रीण तुटली असेल, तर हा भाग मी तिला एकटीने वाचू देत नाही, तिच्या घरच्यांशी बोलते. तुमच्या मुलीचं तसं काही असेल तर पुस्तकाचा विचार नंतर करा, आधी तिच्याकडे बघा, आणि लागलं तर समुपदेशकाला भेटा.

चौथा भाग. लग्नानंतरची रात्र त्यात सूचकपणेच येते, तो प्रश्न मोठा नाही. बाळंतपणाचा प्रसंग मात्र रक्ताळलेला आणि भयानक आहे, आणि जेकबचं मन बेलाच्या नवजात मुलीशी कायमचं बांधलं जातं हा धागा मोठ्यांनाही अस्वस्थ करतो. मला विचारलं असतंत तर मी म्हटलं असतं, हा भाग पंधरा-सोळानंतर. पण तिने वाचलाय, तेव्हा आता त्याबद्दल बोलायचं.

काढून घेण्याबद्दल माझं मत सरळ आहे: घेऊ नका. अमेरिकन लायब्ररी असोसिएशन दरवर्षी सर्वाधिक आक्षेप घेतल्या गेलेल्या दहा पुस्तकांची यादी काढते. २००९ आणि २०१० या दोन्ही वर्षी ही मालिका तिच्यात होती. तक्रारी वेगवेगळ्या यायच्या, कुणाला धर्मबाह्य वाटायची, कुणाला वयाला न शोभणारी. त्याने वाचन थांबल्याचं मला दिसलं नाही. मुली मैत्रिणीची प्रत घ्यायच्या आणि दप्तरात लपवायच्या. फरक एवढाच पडायचा की खिडकीच्या प्रसंगाबद्दल घरी बोलायची सोय संपायची.

बोलायचं कसं, तर माझी पद्धत सांगते. पुस्तक चांगलं की वाईट हे विचारायचंच नाही. 'तू कोणती पानं परत वाचतेस?' एवढंच विचारायचं. उत्तरावरून फार काही कळतं. कुरण किंवा ते प्रश्नांचे दिवस सांगितले तर निश्चिंत राहा. एडवर्डच्या घरची माणसं, त्यांचं एकत्र बेसबॉल खेळणं सांगणाऱ्या मुली असतात, त्यांना बहुधा घर भरलेलं हवं असतं. एखादीने ती महिन्यांची रिकामी पानं सांगितली, तर मी तिच्याजवळ जास्त वेळ बसते.

मग खिडकी आणि ट्रक. इथे 'हे चूक आहे' असं तुम्ही म्हणालात की ती एडवर्डची वकिली करणार, कारण तुम्ही तिच्या माणसाला बोललात. त्याऐवजी विचारा, तुझ्या मैत्रिणीची सायकल तिच्या मित्राने असं करून ठेवली असती तर तू तिला काय म्हणाली असतीस? आणि गप्प बसा. मैत्रिणीच्या बाबतीत या मुलींचा न्याय अगदी लख्ख असतो. मायर यांनी २०१५मध्ये हीच कथा उलट करून लिहिली, 'लाइफ अँड डेथ' नावाने. त्यात माणूस मुलगा आहे आणि व्हॅम्पायर मुलगी. तो खोलीचा प्रसंग दोन्ही पुस्तकांत शेजारी ठेवून वाचायला सांगा. कुठे हसू येतं, कुठे विचित्र वाटतं, ते तिचं तिला कळतं.

एक गोष्ट मला आवर्जून सांगायची आहे, कारण ती आमच्या राज्यातली आहे आणि पुस्तकातून कळत नाही. फोर्क्स हे गाव खरं आहे. पूर्वी लाकूडतोडीवर जगणारं, तीन-साडेतीन हजार वस्तीचं. उन्हात व्हॅम्पायर ओळखू येतो म्हणून मायर यांना अमेरिकेतली सगळ्यांत पावसाळी जागा हवी होती, ती त्यांनी इंटरनेटवर शोधली. तिथे वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो. कोकणात चार महिन्यांत पडतो तेवढाच, पण बारा महिने पसरलेला. लाकडाचा धंदा बसल्यावर या गावाला पर्यटकांनी हात दिला. शेजारच्या ला पुश इथे क्विल्यूट ही मूळनिवासी जमात खरोखर राहते, कादंबरीतला जेकब याच जमातीचा. आपले पूर्वज लांडग्यांतून माणसं झाले अशी त्यांची उत्पत्तिकथा आहे, पण जेकबची माणसाचा लांडगा होण्याची गोष्ट कादंबरीतली आहे, त्यांची नव्हे. त्यांचं गाव त्सुनामीच्या पट्ट्यात आहे. उंचावर सरकता यावं म्हणून २०१२मध्ये कायदा करून शेजारच्या राष्ट्रीय उद्यानातली जमीन त्यांना देण्यात आली. जेकबच्या बाजूने भांडणाऱ्या मुलींना मी हे सांगते आणि त्या खूप मन लावून ऐकतात. एका पुस्तकाच्या वेडाचा असाही उपयोग करून घेता येतो.

भाषेबद्दलची तुमची तक्रार मला मान्य आहे. एडवर्ड किती देखणा आहे हे इतक्या वेळा सांगायची गरज नव्हती. पण बेला स्वतः वाचणारी मुलगी आहे, हे तुमच्या हातातलं साधन आहे. पहिल्या भागात ती जेन ऑस्टिनचं 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी' उघडते आणि त्यातल्या नायकाचं नावही एडवर्ड आहे म्हणून वैतागते. तिसऱ्यात 'वदरिंग हाइट्स' पुन्हा पुन्हा वाचते. मायर यांच्या सांगण्याप्रमाणे पहिल्या भागाचा सैलसा आधार 'प्राइड अँड प्रेज्युडिस' आहे. त्या काळात प्रकाशकांनी 'वदरिंग हाइट्स'ला मुद्दाम काळं-लाल मुखपृष्ठ देऊन 'बेला आणि एडवर्डचं आवडतं पुस्तक' म्हणून विकलं आणि ते भरपूर खपलं. मी तेराव्या वर्षी 'वदरिंग हाइट्स' देणार नाही, ते जड जातं. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'ची सोप्या टिपांची आवृत्ती द्या आणि एकच कामगिरी सोपवा: त्यातल्या नायकात, डार्सीमध्ये, एडवर्ड कुठे सापडतो आणि कुठे सापडत नाही, ते शोध. नायिका एलिझाबेथ डार्सीची लग्नाची पहिली मागणी फेटाळते आणि का ते तोंडावर सांगते, तिथे पोचल्यावर आमच्याकडच्या मुली धावत सांगायला येतात.

आणि तुम्ही स्वतः पहिला भाग मिटला होतात तिथून पुढे वाचा. आवडण्यासाठी नाही, तिच्याशी बोलता यावं म्हणून. ती कोणती पानं सांगते ते इथे कळवलंत, तर ऑस्टिननंतर काय द्यायचं ते मी नक्की सुचवेन.